रविवारच्या फेरीसाठी तीनचाकी घ्यावी की टँडेम?

गावातल्या सायकल फेरीला शाळेच्या पोरी सरकारच्या 'मानव विकास' योजनेतून मिळालेल्या सायकली घेऊन हमखास येतात. राहून जातात ते नजर अधू असलेले, तोल न सावरणारे आणि जन्मात सायकल न शिकलेल्या मावश्या. त्यांच्यासाठी वर्गणीतून एकच गाडी घ्यायची, तर मोठ्यांची तीनचाकी की टँडेम, म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल? आमच्या गटापुढेही हाच प्रश्न होता. (दिव्यांगांना शिबिरात मिळते ती हाताने चालवायची तीनचाकी निराळी.)

पाहता क्षणी तीनचाकीच आवडते. पडायची भीती नाही, साडीला आडवा येणारा दांडा नाही, मागच्या टोपलीत पाण्याची कॅन मावते. शिवाय माणूस आपल्या मर्जीने थांबतो, वळतो. हे सुख टँडेमवर मागे बसणाऱ्याला कधीच मिळायचं नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण आपले रस्ते! डांबराची पट्टी अरुंद, समोरून कापसाची ट्रॉली आली की बाजूच्या मुरमात उतरावंच लागतं. साधी सायकल तिरप्या जागेवरही सरळ धरता येते. तीनचाकी मात्र रस्त्याबरोबर कलते, हँडल नालीकडे ओढ घेतं आणि बसलेला माणूस जीव मुठीत धरून उलट्या बाजूला झुकतो. पांदणीत तर मागची चाकं चाकोरीत आणि पुढचं मधल्या उंचवट्यावर. त्यातून आम्ही चालवून पाहिलेल्या गाडीत चेनचा जोर मागच्या एकाच चाकाला होता. ते चाक जरा उचललं की पायडल फिरतंय, गाडी जागच्या जागी. मग दोघांनी उतरून ढकलायचं. ज्याला बरोबरीने फिरवायला आणलं, त्यालाच सगळ्यांदेखत ढकलत न्यायचं, हे मला फार खुपलं. कदाचित दुसऱ्या कुणाला एवढं वाटणार नाही.

टँडेमला सवय लागते. निघताना दोघांचा पाय एकदम पडावा लागतो आणि पुढच्याने तोंड चालू ठेवायचं: खड्डा, ब्रेकर, वळण. दोघांची पायडलं चेनने एकमेकांना बांधलेली, एकाची फिरली की दुसऱ्याचीही फिरतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्याला ती जाचते. पण दृष्टिहीनांसाठी मला तरी दुसरं काही सुचत नाही. पॅरालिम्पिकमध्येही ते टँडेमवरच मागे बसतात, पुढे डोळस चालक असतो. आमच्यातल्या एका दृष्टिहीन दादांनी आधीच बजावलं होतं, "मले नुसतं बसवून नेऊ नोका, पायडल मारू द्या न भाऊ." चढावर त्यांचा जोर पुढच्याला चांगलाच जाणवतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर बिनगिअरची टँडेम गावचा सायकलवाला सांभाळतो. लांब चेन दोन साध्या चेन जोडून होते. पावसाळ्यात काळ्या मातीपुढे दोन्ही सारख्याच हतबल.

फेरी सपाट आवारातच असेल, किंवा गुडघ्यांचीच तक्रार जास्त असेल, तर तीनचाकी बरी. नाहीतर माझा कल टँडेमकडे. घेण्याआधी दोन्ही पांदणीवर नेऊन पाहा. दुकानाच्या फरशीवर दोन्ही छानच चालतात. आणि टँडेमचा मागचा दांडा खाली उतरलेला हवा, चेनवर पूर्ण कव्हर हवं, म्हणजे साडीतल्या मावशीलाही बसता येईल.