क्रेडिट कार्ड, दहा महिने आणि ‘वरचे दोन टक्के’

फ्लॅटचं काम काढलं तेव्हा हे कार्ड घेतलं, आयुष्यातलं पहिलंच. वर्षाची फी ४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. खर्चावर साधारण एक टक्का पॉइंटच्या रूपात परत. खर्च होणारच आहे तर टक्काभर पदरात पडला तर बरंच, एवढाच विचार होता. अॅप नीट चालतं, बिल वेळेवर येतं, त्याबद्दल तक्रार नाही. घोळ होतो तो दुकानाच्या गल्ल्यावर.

पहिला झटका पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात. पाच पंखे, दिवे, वायर, बटणं. पाऊण तास घासाघीस करून १८,४०० वर आणलं. पर्समधून कार्ड निघालं आणि काकांनी कॅल्क्युलेटर पुन्हा जवळ ओढला. “ताई, कार्डाला दोन टक्के वर पडतील. हा कॅशचा भाव दिलाय.” बाहेर इलेक्ट्रिशियन टेम्पो लावून उभा, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. दिले ३६८.

दुसरा जास्त लागला. वॉशिंग मशीन २७,५०० चं, दुसऱ्या एका दुकानातून. कार्डाच्या चिठ्ठीवर २८,०५० आणि बिलावर २७,५००. तेव्हा कोण बघतं? घरी लावलं तर ड्रम खडखड. कंपनीचा माणूस म्हणाला, पीस बदलून घ्या. दुकानात दुसरा पीस नव्हता, त्यांनी पैसे परत केले, पण २७,५००च. ५५० चं विचारलं तर “ते बँकेने कापले ना ताई.” भांडायचं तर कागद कुठला दाखवू? बिलावर ते ५५० कधी नव्हतेच. व्यवहार उलटला म्हणून बँकेने पॉइंटही काढून घेतले, ते वेगळंच.

लॅपटॉपला मी शहाणी झाले होते, तरी ६२,००० वर १,२४० गेलेच. मुलीचं कॉलेज सुरू होणार होतं आणि त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे नव्हते.

भाच्याचं मोबाइलचं दुकान आहे, त्याने आतली बाजू सांगितली. कार्ड घासलं की बँक दुकानदाराकडून एमडीआर कापते, म्हणजे रकमेवर काही टक्के शुल्क. क्रेडिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने त्याची कमाल मर्यादा घातलेली नाही. समजा १.८ टक्के कापले, तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.१ च्या वर गेलं. “मामी, एका हँडसेटवर मला सुटतातच तीन-चार टक्के. त्यातले दोन बँकेला दिले तर दुकान कशाला उघडू?” पटलं. दहा महिन्यांत साडीच्या दुकानात कुणी कधी जादा मागितले नाहीत, हेही तेव्हा उमगलं. जिथे नफा जाड, तिथे ते दोन टक्के भावातच मुरलेले असतात.

पण सगळेच बिचारे नसतात. एकाने डेबिट कार्डालाही दोन टक्के मागितले. डेबिटचा एमडीआर २०१८ पासून जास्तीत जास्त ०.९ टक्के आहे, आणि ग्राहकाकडून असं जादा शुल्क घेणं समर्थनीय नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवलंय. हे त्याला सांगितलं तर शांतपणे म्हणाला, “मग यूपीआय करा.” केलं. यूपीआयला एमडीआर शून्य, हे त्यालाही ठाऊक होतं.

उघडपणे घेतात त्यांचा मला राग येत नाही. आयआरसीटीसीवर एसी तिकिटाला यूपीआयने २० रुपये आणि कार्डाने ३०, वर जीएसटी; पैसे भरण्याआधी आकडा समोर दिसतो, काय करायचं ते आपण ठरवतो. पेट्रोलचं मात्र उशिरा कळलं. पंपावरचा एक टक्का अधिभार माझं कार्ड ४०० च्या पुढच्या बिलालाच माफ करतं, आणि मी स्कूटरमध्ये दर वेळी ३०० चं टाकत होते.

आता पहिला प्रश्नच असा विचारते: “कार्डने घेतलं तर शेवटचा भाव काय?” भाव तुटल्यावर कार्ड काढलं की दोन टक्के बसतात, आधी सांगितलं की ते भावाच्याच भांडणात येतात. स्वयंपाकघराची चिमणी १४,५०० वरून १४,००० ला मिळाली, वर काही नाही. आणि जादा घेणारच असाल तर बिलावर लिहा म्हणते. यावर निम्मे जण ‘राहू द्या ताई’वर येतात.

कार्ड नवीन घेत असाल तर रुपे (RuPay) या भारतीय नेटवर्कचं बघा. ते यूपीआयला जोडता येतं आणि लहान दुकानदाराला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर पडत नाही, त्यामुळे किराणावाला कुरकुरत नाही. माझं नाही, मी फुकट मिळालेल्या ट्रॉली बॅगेवर भुलले.

वहीतला हिशेब: पॉइंटचे मिळाले २,९००. फी ५८९, दुकानदारांना वरचे २,१५८. हातात १५३ रुपये, पेट्रोलचा अधिभार न धरता. बॅगेचं एक चाक निघालंय.