फायबर पत्रा, १४ महिने: छापील बाजू वर आहे ना, ते आधी बघा

गेल्या महिन्यात पांढऱ्या शर्टांचे २ डझन परत आले, म्हणून हे लिहायला बसलो. सौ. घरी शाळेच्या युनिफॉर्मची काज-बटणं करते. पांढऱ्या शर्टाला हाफव्हाइट दोरा लागला होता. कारखानदाराची चूक नव्हती, दारात नेऊन धरलं की फरक चटकन दिसत होता. पण मधल्या खोलीत दोन्ही रिळं शेजारी धरली तर मलासुद्धा ती एकच वाटली. तिला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. तपासून आलो, नंबर तोच. मग मी मान वर करून छतातल्या पारदर्शक पत्र्याकडे बघितलं. तो पिवळा पडला होता.

घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, जुनं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे मधल्या खोलीला खिडकी काढायला जागाच नाही. सकाळी दहालाही ट्यूब लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नसे. म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत छतातला एक पत्रा काढून तिथं १० फुटी पारदर्शक पत्रा टाकला. पत्र्याचे २१००, मजुरीचे ६००. पहिल्या दिवशी आई खोलीत आली आणि सवयीनं बटण दाबलं. ट्यूब लागली, तरी खोलीत काही फरक पडला नाही, इतका उजेड होता.

मी पत्रा घेतला तो विजेच्या बचतीसाठी. तो हिशेब चुकला हे आधीच सांगतो. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट ५२-५५ वॅट खायची, दिवसाला १० तास धरले तर महिन्याला १६ युनिट. पण आम्ही आधीच २० वॅटची एलईडी पट्टी लावली होती, तिचे होतात ६ युनिट. एवढ्यात २७०० रुपये फिटायला वर्षं लागतील. पैसे वाचवायचे असतील तर एलईडी लावा आणि भिंतीचा वरचा अर्धा भाग, पत्र्याची आतली बाजू पांढरी करा. आम्ही तेही केलं, फायदा झाला. पण गर्द निळा आणि काळा दोरा दिवसाच्या उजेडात जसा वेगळा कळतो तसा त्या पट्टीखाली कळत नाही. सौ.च्या कामाला तोच फरक लागतो. म्हणून आज मी बचतीचं नाव काढत नाही, तरी पत्रा घ्याच म्हणतो.

एप्रिलमध्ये तिनं मला फैलावर घेतलं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्याच्या आसपास महिनाभर उन्हाचा तुकडा थेट मशिनवरच पडायचा. डिसेंबरात तोच उत्तरेच्या भिंतीवर चढतो आणि कुणाला त्रास देत नाही. उपाय सापडला १५० रुपयांत. पत्र्याखाली हातभर अंतरावर दोन तारा ओढल्या आणि त्यांवर पांढरं मांजरपाट ताणलं. उन्हाचा तुकडा गेला आणि कोपऱ्यातलं धान्याचं पिंपसुद्धा उजळलं. नुसत्या पत्र्यापेक्षा हा उजेड चांगला. कापडावर धूळ बसते, पाणी येईल त्या दिवशी आठवणीनं धुवायचं.

आता पिवळेपणाचं. शेजारच्या पत्र्याखाली दडलेली कड अजून काचेसारखी स्वच्छ होती, उघडा भाग मात्र तुपासारखा. आमचा पत्रा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचा. अशा पत्र्याच्या बहुधा एकाच बाजूला यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारा, थर असतो. ती बाजू ओळखायला तिच्यावर छापील फिल्म चिकटवलेली येते, ती आकाशाकडे ठेवायची. फिटरनं वर चढण्याआधीच दोन्ही बाजूंच्या फिल्म सोलल्या आणि पत्रा उलटा चढवला. एवढ्या एका चुकीनं सोलापूरच्या उन्हात वर्षात वाट लागली. दुकानदार म्हणाला, उलटा बसवलाय, वॉरंटी नाही. अहो, फिटर तुम्हीच दिलेला! विकताना बाजूबद्दल चकार शब्द नाही, आणि बिलावर नुसतं 'फायबर पत्रा'. आपल्याकडे सगळ्याच पारदर्शक पत्र्यांना फायबर म्हणतात, त्यामुळे बिलावरून माल कुठला तेही सिद्ध करता येईना. तीन चकरा मारल्या, शेवटी नव्या पत्र्यात ३०० कमी केले. मला ते अजून पटलेलं नाही.

दुसरी चूक स्क्रूची. दुपारी कट-कट आवाज यायचा, आई म्हणायची मांजर चाललंय. ३० अंशांच्या फरकानं १० फुटांचा हा पत्रा सुमारे ६ मिलिमीटर वाढतो, लोखंडी पत्रा जेमतेम १. भोक स्क्रूएवढंच ठेवून करकचून आवळलं तर तो हलणार कुठं? दोन ठिकाणी चीर गेली आणि पावसात थेंब गळाले. या वेळी भोकं मोठी पाडून घेतली, खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू टेकेल एवढाच आवळला. मी स्वतः शिडीवर उभा राहिलो आणि छापील फिल्म पत्रा वर चढेपर्यंत काढू दिली नाही.

३ आठवडे झाले, आवाज नाही. बिलावर 'पॉलिकार्बोनेट, यूव्ही बाजू वर' असं दुकानदाराच्या हातानं लिहून घेतलं आणि छापील फिल्मचा तुकडा त्याला टाचून ठेवलाय. ते २ डझन शर्ट सौ.नं उसवून पुन्हा केले, काल पोचते करून आलो.