पहिल्या कम्युनियनची तयारी: वर्गात, एट्रियममध्ये की घरी?

मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याच्या पहिल्या पापनिवेदनाची (धर्मगुरूंजवळ पापे कबूल करण्याची) आणि पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सा या उपासनेत ख्रिस्ताचे शरीर मानलेली भाकर प्रथमच स्वीकारण्याची, तयारी कोणी करून घ्यायची, हा विषय कॅथलिक घरात निघतोच. बहुतेक घरांत तो फार वेळ रेंगाळत नाही. धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, रविवारचा वर्ग असतो, तेथे नाव घातले जाते आणि ठरलेल्या दिवशी मूल वेदीसमोर उभे राहते. मात्र काही पालकांपुढे आज तीन वाटा असतात: अभ्यासक्रमानुसार चालणारा धर्मग्रामाचा वर्ग, मॉंटेसरी विचारातून आलेली ‘गुड शेफर्ड’ पद्धत आणि धर्मगुरूंच्या संमतीने घरीच करून घेतलेली तयारी. या तिन्ही वाटांनी आलेली मुले मी वर्ग घेत असताना जवळून पाहिली आहेत. केवळ पद्धतींचे गुण मोजायला बसले तर निर्णय होत नाही, कारण गुण तिन्हींत आहेत. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतच्या सहा दिवसांत त्या मुलाजवळ कोण बसणार आहे, याचा हिशेब आधी मांडला, तर तीनपैकी एक वाट बहुधा आपोआप गळून पडते.

तुलनेपूर्वी ख्रिस्तसभा मुलाकडून नेमके काय मागते ते पाहिले पाहिजे, कारण पालकांच्या मनातील अपेक्षा पुष्कळदा त्याहून मोठी असते. १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील, कलम ९१३ प्रमाणे मुलाला पुरेसे ज्ञान असावे आणि त्याची काळजीपूर्वक तयारी झालेली असावी, म्हणजे ख्रिस्ताचे रहस्य त्याला आपल्या कुवतीनुसार समजावे आणि प्रभूचे शरीर त्याने श्रद्धेने व भक्तीने स्वीकारावे. मूल मृत्यूच्या धोक्यात असेल तर ख्रिस्तशरीर आणि साधे अन्न यांतील फरक ओळखून त्याने ते आदराने स्वीकारणे पुरेसे ठरते. कलम ९७ नुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली आहे असे मानले जाते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पापनिवेदन आणि पास्काच्या काळात कम्युनियन बंधनकारक केले होते, पण हे समजते वय कोणते याचा अर्थ पुढे ठिकठिकाणी वेगळा लावला गेला. त्यातच जॅन्सेनवाद या कडक धर्मविचाराच्या कठोर छायेत मुले दहा, बारा, कोठे चौदा वर्षांची होईपर्यंत वेदीपासून दूर ठेवली गेली. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या काळात निघालेल्या ‘क्वाम सिंग्युलारी’ या हुकूमनाम्याने ही प्रथा मोडली. संपूर्ण धर्मज्ञान ही पहिल्या कम्युनियनची अट नाही, ते मुलाने पुढे क्रमाक्रमाने मिळवायचे आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पौर्वात्य कॅथलिक परंपरेत तर तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याबरोबर दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) आणि ख्रिस्तशरीर दिले जाते, हे येथे सहज आठवते.

धर्मग्रामाचा वर्ग

आजचा रविवारचा वर्ग ज्या आदेशांवर उभा आहे, त्यांपैकी एक म्हणजे १९०५ चे ‘आचेर्बो निमिस’ हे परिपत्रक. दर रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना एक तास धर्मशिक्षण द्यावे, अशी आज्ञा दहाव्या पायस यांनी त्यात धर्मगुरूंना केली होती. तो एक तास बहुतेक ठिकाणी आजही एक तासच राहिला आहे. वर्गाची जमेची बाजू ठळक आहे: क्रम ठरलेला असतो, महत्त्वाचे काही सुटत नाही, मुलाला बरोबरीची मुले मिळतात, धर्मगुरू त्याला नावाने ओळखू लागतात आणि पालकांना स्वतः काही उभारावे लागत नाही. पाठांतराला नावे ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती मला अर्धीच पटते. सातव्या वर्षी तोंडी बसलेली ‘नमो मरिया’ सत्तराव्या वर्षीही सुटत नाही, आणि २००५ मध्ये व्हॅटिकनने कॅटेकिझमचा (ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथाचा) सारग्रंथ काढला तेव्हा त्यासाठीही ५९८ प्रश्नोत्तरांचाच साचा निवडला. उत्तर पाठ असण्यात दोष नाही. प्रश्न मुलाचा नसतो, ही खरी अडचण आहे.

एक प्रसंग सांगते. सरावाच्या दिवशी आम्ही मुलांना पवित्रीकरण न झालेल्या ओस्त्या (कम्युनियनच्या पातळ भाकरी) देतो, म्हणजे खऱ्या दिवशी कोणी गोंधळत नाही. कोणता हात वर आणि कोणता खाली यावर दोन रविवार खर्ची पडले होते. एका मुलाने ओस्ती खाल्ली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “टीचर, हिला चवच नाही.” त्या दिवशीही चव हीच असेल, असे मी सांगताच त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, “मग आम्हांला कळणार कसं?” कलम ९१३ ज्याविषयी बोलते तोच हा प्रश्न होता आणि तो एका सात वर्षांच्या मुलीने स्वतः होऊन विचारला होता. वर्गात तीस मुले होती, घंटा व्हायला चार मिनिटे उरली होती आणि अजून अर्ध्या मुलांचा सराव बाकी होता. मी एक बरोबर, पण घाईचे वाक्य बोलले आणि पुढच्या मुलाकडे वळले. तो प्रश्न तसाच तिच्याबरोबर घरी गेला. घरी तो ऐकून घेणारे कोणी असेल तर वर्गाचा तो तास पुरतो. नसेल तर बहुधा पुरत नाही.

गुड शेफर्ड पद्धत

१९५४ साली रोममध्ये हिब्रू भाषा आणि बायबल यांच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती आणि मॉंटेसरी शिक्षिका जॅन्ना गोब्बी यांनी या पद्धतीची सुरुवात केली. तीन ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे तिचे तीन वयोगट असतात आणि ती जेथे चालते त्या खोलीला ‘एट्रियम’ म्हणतात. तेथे फळा आणि बाके नसतात. मुलाच्या उंचीची छोटी वेदी, हाताएवढा चषक, पूजाकालाच्या रंगांची छोटी वस्त्रे, लाकडी मेंढवाडा आणि त्यातील मेंढरे असतात. शिक्षिका एखादा दृष्टान्त किंवा मिस्सातील एखादी कृती थोडक्यात दाखवते आणि मग मूल त्याच साहित्याने हवा तितका वेळ स्वतः काम करते. मोहरीचा दाणा, खमीर, मौल्यवान मोती हे दृष्टान्त लहान गटासाठी असतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील खरा द्राक्षवेल मोठा झालेल्या मुलापुढे येतो आणि कम्युनियनची तयारी बरीचशी त्याच्याभोवती फिरते.

चषकातील द्राक्षारसात थेंबभर पाणी घालण्याची कृती मी एका एट्रियममध्ये पाहिली. पाच वर्षांच्या एका मुलाने छोट्या काचेच्या सुरईतून द्राक्षारस ओतला, मग पाण्याचे काही थेंब टाकले आणि चषकात वाकून पाहत राहिला. त्याने ते सगळे पुन्हा केले. तिसऱ्या वेळी तो कोणालाही उद्देशून नव्हे, असा म्हणाला, “पाणी आता सापडत नाही.” शिक्षिका काही बोलली नाही. माझ्या वर्गातील मुलीच्या प्रश्नाला ज्या प्रकारचा वेळ हवा होता, तो हाच. पवित्रीकरणाच्या आधी धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस यांच्यावर हात पसरून पवित्र आत्म्याला आवाहन करतात, ती कृतीही येथे मुले स्वतःच्या हातांनी करून पाहतात. त्यामुळे, चव तीच राहिली तरी तेथे काय घडले, हा प्रश्न त्यांना परका वाटत नाही.

पण या पद्धतीच्या अडचणीही लहान नाहीत. तिला दीर्घ प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका लागते, स्वतंत्र खोली लागते, पुष्कळसे हाताने घडवलेले साहित्य लागते आणि गट लहान ठेवावा लागतो; म्हणूनच फार थोड्या धर्मग्रामांत ती मिळते. पालकांना दाखवण्यासारखी वही किंवा गुण तिच्यात नसतात, आणि ज्यांना दर महिन्याला प्रगती मोजायची असते ते अस्वस्थ होतात. माझा मोठा आक्षेप मात्र मुलाला तेथे उशिरा आणण्याबद्दल आहे. तीन-चार वर्षांचे असताना ज्याने मेंढपाळाची मूर्ती हातात धरली, त्याच्यासाठी सातव्या वर्षीचा द्राक्षवेल हे पुढचे पाऊल असते. सातव्या वर्षी प्रथमच आत आलेल्या मुलासाठी पाया आणि भिंत एकाच वर्षात उभारावी लागते, आणि या पद्धतीचा सारा जोर संथपणावर असल्याने ते जमवताना ओढाताण होते.

घरची तयारी

कलम ७७४ आईवडिलांना आपल्या शब्दाने आणि उदाहरणाने मुलांना श्रद्धेत घडवण्याचे कर्तव्य इतरांच्या आधी सांगते, आणि कलम ९१४ मध्येही तयारीची जबाबदारी प्रथम पालकांवर आणि तसेच धर्मग्रामाच्या धर्मगुरूंवर टाकलेली आहे. तेव्हा घरची तयारी ही पळवाट नव्हे. मात्र मूल तयार आहे की नाही यावर लक्ष ठेवण्याचे काम त्याच कलमाने धर्मगुरूंना दिले आहे. म्हणून शेवटच्या महिन्यात अर्ज घेऊन जाण्याऐवजी पहिल्याच महिन्यात त्यांची भेट घ्यावी, ते मुलाशी केव्हा बोलणार आणि कोणत्या प्रार्थना पाठ हव्यात, हे विचारून घ्यावे.

घरी रोज पंधरा मिनिटे दिली तर आठवड्याला दीड तासाहून अधिक होतो, म्हणजे वर्गापेक्षा जास्तच. आणि मुलाचा प्रश्न जेवताना आला तरी त्याला घंटा आडवी येत नाही. परंतु ही पंधरा मिनिटे रोज खरोखर मिळतील का, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे, कारण या वाटेने निघालेल्या घरांत पहिले तीन आठवडे उत्साहाचे असतात आणि उपवासकाळ येईपर्यंत पुस्तकावर धूळ असते. दुसरी उणीव अशी की मूल एकटे पडते. ख्रिस्तशरीर ही एकट्याने घेण्याची गोष्ट नाही, हे त्याला शब्दांनी सांगावे लागते, तर वर्गातल्या मुलाला ते रांगेत उभे राहून कळते.

पापनिवेदनाचा प्रश्न

पहिल्या कम्युनियनच्या आधी पहिले पापनिवेदन व्हावे, ही अपेक्षा कलम ९१४ मध्ये आहे आणि कॅटेकिझमच्या १४५७ व्या परिच्छेदातही आहे. तीन वाटांमधील फरक मला सर्वाधिक येथे जाणवतो. वर्गात पुष्कळदा दहा आज्ञांवरून तयार केलेली पापांची यादी हाती पडते. ती मोठ्यांच्या यादीचे लहान रूप असते आणि मूल त्यातून निवड करते. किती वेळा खोटे बोललास, असे विचारले जाईल या धास्तीने ‘अकरा’ हा आकडा घरून ठरवून आलेला मुलगा मला आठवतो. अकराच का, तर दहा फार सरळ वाटले म्हणून. गुड शेफर्ड पद्धतीत क्रम उलटा असतो: मेंढपाळ हरवलेल्या मेंढराला शोधत जातो, फांदी वेलीशी जोडलेली राहते, हे आधी रुजते आणि मग आपण कोठे तुटलो हे मूल पाहू लागते. लहान मुलासाठी हा क्रम मला निःसंशय अधिक योग्य वाटतो.

घरच्या तयारीत येथेच सर्वांत जास्त जपावे लागते. दिवसभर शिस्त लावणारी आईच संध्याकाळी विवेकाची तपासणी घ्यायला बसते, आणि “काल बहिणीला ढकललंस ते फादरना सांग हं” असे सहज तोंडून निघते. त्या क्षणी संस्कार हा घरच्या शिक्षेचा पुढचा भाग होतो. पालकांनी पापनिवेदन कसे होते ते दाखवावे, पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून घ्यावी, धर्मगुरू ऐकलेले कधीही कोणाला सांगत नाहीत हे ठामपणे सांगावे आणि काय सांगायचे ते मुलावर सोडावे. बाहेर आल्यावरही विचारू नये. शक्य असेल तर तपासणीचा हा भाग घरच्या मुलांनीही वर्गाबरोबर करावा, अशी माझी सूचना असते.

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत वर्गाची गती हा एकमेव निकष होऊ देऊ नये. धर्मशिक्षणाच्या २०२० च्या निर्देशिकेत अपंग व्यक्तीला संस्कार नाकारता येत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. बोलून उत्तर न देणारे मूलही वेदीजवळ शांत होऊन पाहते तेव्हा त्याने काही ओळखलेले असू शकते. अशा मुलांसाठी घर आणि एट्रियम यांची जोड मला वर्गापेक्षा बरी वाटते. दृढीकरणाचे वय ठिकठिकाणी वेगळे असते आणि काही धर्मप्रांतांत ते कम्युनियनच्या आधी दिले जाते, म्हणून त्याची चौकशी नाव घालतानाच करावी.

मूल तीन-चार वर्षांचे असेल आणि जवळच चांगला एट्रियम असेल, तर मी तोच सुचवीन. पाठांतराच्या प्रार्थना तेवढ्या घरी करून घ्याव्यात. मूल सात वर्षांचे झाले असेल आणि आईवडिलांपैकी निदान एकाला रोज थोडा वेळ काढता येत असेल, तर धर्मग्रामाचा वर्ग घ्यावा आणि दर रविवारी घरी येताना त्याला ‘आज काय शिकलास’ याऐवजी ‘आज काय विचारलंस’ असे विचारावे. दोन्ही पालकांचे कामाचे तास वेडेवाकडे असतील, तर घरची तयारी ही त्यांची वाट नव्हे, कितीही आवडली तरी. तेथेही वर्गच धरावा आणि आजीआजोबांना किंवा धर्मपालकांना बरोबर घ्यावे. घरची वाट मी दोनच स्थितींत सुचवते: वर्ग खरोखर पोहोचण्याजोगा नसेल तेव्हा, किंवा घरात प्रार्थना आधीपासून रोज चालत असेल आणि तयारी हा तिचाच पुढचा भाग असेल तेव्हा.

सरावाच्या दिवशी प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढच्या रविवारी आजीचा हात धरून आली. आजीने तिला सांगितले होते की कळण्यासाठी जीभ नव्हे, कान लागतात. “हे माझे शरीर आहे” हे शब्द ऐकू येतील तेव्हा नीट लक्ष दे. त्या दिवशी मिस्सामध्ये ते शब्द येईपर्यंत ती बाकाच्या कडेवर बसून होती.