किनाऱ्यालगतचे डॉल्फिन मोजायचे: लाइन ट्रान्सेक्ट की फोटो-आयडी?

बोट एक, माणसं मोजकी आणि समुद्र शांत असण्याचे दिवस त्याहून मोजके. त्यामुळे किनारी डॉल्फिनचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याला लाइन ट्रान्सेक्ट (आखलेल्या रेषांवरून बोटीने मोजणी) आणि फोटो-आयडी (पाठीवरच्या पराच्या, म्हणजे फिनच्या, फोटोंवरून एकेक डॉल्फिन ओळखणं) या दोहोंपैकी एकच पद्धत धड निभावता येते. मी दोन्ही केल्या आहेत.

लाइन ट्रान्सेक्टचं बळ पट्ट्याच्या विस्तारात आहे. ठरलेल्या रेषांवरून बोट चालवायची, दिसलेल्या प्रत्येक कळपाचं अंतर आणि कोन टिपायचा. त्यांवरून रेषेच्या दोन्ही बाजूंना किती रुंद पट्टा पाहिला गेला ते ठरतं, आणि एका हंगामात मोठ्या पट्ट्यातल्या घनतेचा अंदाज हाती येतो. कळपात कोण कोण आहे हे ओळखायची गरज नाही. फिनलेस पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या लहान प्राण्याला पाठीवर परच नसतो, तिथे फोटो काढून काय ओळखणार? हाँगकाँगच्या पाण्यातल्या हम्पबॅक डॉल्फिनवर वर्षानुवर्षं याच पद्धतीने लक्ष ठेवलं गेलं आणि त्यांची घट त्यातून दिसत गेली. पद्धत भक्कम आहे, यात वाद नाही.

मला नडलं ते अंतर. खुल्या समुद्रात दुर्बिणीतल्या आखीव खुणांनी क्षितिजापासून कळप किती खाली दिसतो ते वाचतात आणि त्यावरून अंतर काढतात. किनाऱ्याजवळ मात्र क्षितिजच जमिनीआड जातं. मग उरतो डोळ्यांचा अंदाज. एकाच कळपाला एक निरीक्षक 200 मीटर म्हणतो, शेजारचा 300, आणि दोघंही मनापासून सांगत असतात. नोंदवही उघडली की आकडे 100, 200, 300 वर गोळा झालेले. मधे जवळजवळ काहीच नाही. कोनांचंही तेच: थोडासा बाजूला असलेला कळप ‘समोर’ म्हणून शून्य अंशावर नोंदला जातो, आणि रेषेवरच गर्दी असल्याचा भास होतो. त्यात बॉटलनोजसारखे डॉल्फिन आपण पाहण्याआधीच बोटीच्या पुढच्या लाटेवर स्वार व्हायला येतात. मूळ जागेचं अंतर टिपलंच जात नाही आणि घनता फुगते. उलट, सगळी अंतरं पाचव्या हिश्शाने जास्त धरली गेली तर घनता सुमारे 17 टक्क्यांनी कमी निघते. सरावाने, लेझर रेंजफाइंडरने हे बरंच सुधारतं, असं सांगणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण तो क्षण गेला की अंतर पुन्हा विचारता येत नाही. संध्याकाळी आकड्यावर शंका आली तरी तपासायला हाती काही नसतं.

फोटो तपासता येतो. पराच्या मागच्या कडेच्या खाचा वर्षानुवर्षं टिकतात आणि दोन्ही बाजूंनी ओळखू येतात. दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे ओरखडे मात्र विरत जातात, त्यांवर विसंबू नये. दोघांनी स्वतंत्रपणे जुळवणी करावी, मतभेद झाला तर तिसऱ्याने पाहावं. अर्थात, यातही पथ्यं आहेत. खाचा असोत-नसोत, कळपातल्या प्रत्येकाचा फोटो हवा. फोटोचा दर्जा आधी ठरवायचा, ओळख नंतर. एकाच प्राण्याची दोन म्हणून नोंद झाली तर संख्या फुगते. बिनखुणांच्या प्राण्यांचं, त्यात पिल्लंही आली, प्रमाण वेगळं काढावं लागतं. फोटो छाटण्याचं काम तर कंटाळवाणं आहेच, आणि पहिल्या हंगामाच्या शेवटी दाखवायला फारसं काही नसतं. निधी देणाऱ्याला वर्षभरात आकडा हवा असेल तर ही अडचण खरी आहे.

तरीही व्यवस्थापनाचे प्रश्न पाहा. अमेरिकेच्या नियमांत मानवी कारणांनी होणाऱ्या मृत्यूंची मर्यादा काढताना संख्येचा सावध, खालचा अंदाज धरतात. सुमारे 100 डॉल्फिनच्या, नाजूक स्थितीतल्या समूहासाठी त्या सूत्राने ती वर्षाला एकाच्याही खाली येते. म्हणजे जाळ्यात अडकून एक मेला तरी मर्यादा ओलांडली. एवढ्या लहान समूहात नुसत्या संख्येपेक्षा कोण जगलं, कोणत्या मादीला किती वर्षांनी पिल्लू झालं, कोण इथलंच आणि कोण येऊन-जाऊन असतं, हे कळणं मोलाचं. ते ओळखीतूनच कळतं. फ्लोरिडातल्या सारासोटा खाडीत 1970 पासून बॉटलनोजच्या पिढ्या अशाच ओळखून पाहिल्या जात आहेत. स्कॉटलंडमध्ये मोरे फर्थ या खाडीतले डॉल्फिन संरक्षित क्षेत्राबाहेर दक्षिणेकडे जात असल्याचं सिद्ध झालं तेही ओळखलेल्या परांवरून. घनतेच्या नकाशावर दोन्हीकडे डॉल्फिन दिसले असते. तेच आहेत की दुसरे, हे कळलं नसतं.

पाण्याखाली ठेवायच्या ध्वनियंत्रांबद्दलही विचारणा होते. रात्री आणि खवळलेल्या समुद्रातही ती ऐकत राहतात, आणि वाकीटा ही मेक्सिकोतली छोटी पॉरपॉइज इतकी विरळ झाली की तिची घसरण मुख्यतः अशाच यंत्रांनी पकडली. पण ऐकू आलेली प्राण्यांची टिकटिक एकाची की पाचांची, हे ती सहसा सांगत नाहीत. जोड म्हणून उत्तम.

तुमचा पट्टा फार लांब असेल, किंवा जातीच्या परांवर खाचाच विरळ असतील, तर लाइन ट्रान्सेक्टच घ्या. तेव्हाही कॅमेरा सोबत असू द्या: अंतर-कोन टिपून झाले की रेषा सोडून कळपाजवळ जा, पर टिपा, आणि जिथून वळलात तिथूनच पुन्हा रेषा धरा. मात्र एकच खाडी, शंभरेक डॉल्फिन आणि काही वर्षं टिकण्याची तयारी असेल, तर मी पैसे दुर्बिणीपेक्षा लांब पल्ल्याच्या लेन्सवर घालेन.