कॉलेज फुटबॉल २५ : सामन्यापेक्षा खेळाडूंची जमवाजमव सरस

अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलवरचा ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ हा व्हिडिओ गेम जुलै २०२४ मध्ये आला. या मालिकेतील त्याआधीचा गेम २०१३ मधला होता. विद्यार्थी खेळाडूंची छबी मोबदला न देता वापरली जाते, या तक्रारीवरून अमेरिकेत न्यायालयीन लढे झाले आणि मालिका थांबली. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली, त्यानंतर मालिका पुन्हा उभी राहिली. सांगलीत या फुटबॉलचे सामने पाहणारे थोडेच असतील, तरीही गेममधला ‘डायनॅस्टी’ हा विभाग इथल्या क्रीडाप्रेमींनी अवश्य खेळून पाहावा असे मला वाटते. त्यात आपण प्रशिक्षक होऊन वर्षानुवर्षे संघ घडवतो, आणि त्याचा प्राण आहे शाळकरी खेळाडूंना आपल्या विद्यापीठाकडे वळवणे, म्हणजेच रिक्रूटिंग.

आपल्या यादीत एका वेळी पस्तीसच मुले ठेवता येतात आणि आठवड्याला ठरावीक तास मिळतात. शिष्यवृत्तीचा प्रस्ताव ५ तासांचा, घरच्यांशी व मित्रांशी संपर्क २५ तासांचा, सर्व बळ लावायचे तर ५०. प्रत्येक मुलाच्या मनातल्या गोष्टी वेगळ्या असतात : कोणाला लगेच मैदानात उतरायचे असते, कोणाला घराजवळ राहायचे असते, कोणाला शिक्षणाचा दर्जा महत्त्वाचा वाटतो, तर कोणाला प्रशिक्षक टिकून राहील याची खात्री हवी असते. मी ओहायो राज्यातले केंट स्टेट हे लहान विद्यापीठ निवडले. त्याच राज्यात ओहायो स्टेटसारखा बलाढ्य संघ असल्यामुळे नामांकित मुलांमागे तास घालवणे व्यर्थ ठरते, आणि दुर्लक्षित राहिलेला पण गुणी मुलगा हुडकून काढण्यातला आनंद इथेच कळतो. मुलाला सामना पाहायला बोलवायचे, त्याच दिवशी चेंडू फेकणारा आणि झेलणारा असे पूरक खेळाडू एकत्र आणायचे आणि तो सामना जिंकायचा, ही आखणी फार विचारपूर्वक केलेली आहे.

वास्तवाशी फारकत होते ती मुलांच्या पारखीत. तास खर्च केले की मुलाच्या वेगाचे, ताकदीचे, समजुतीचे अचूक आकडे पडद्यावर उमटतात आणि तो अपेक्षेपेक्षा सरस आहे की कमी, हेही खुणेने कळते. सतरा वर्षांच्या मुलाबद्दल एवढी खात्री कोणालाच देता येत नाही. आपल्याकडे तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याची हाडापेराची ठेवण पाहतात, महिनोन्‌महिने जोर-बैठका आणि लढती करून घेतात, तरीही त्याच्याविषयी दोन वस्तादांचे मत एक होईलच असे नाही. गेममध्येही आकड्याऐवजी अंदाजाचा पट्टा दिसावा, तो अनुभवी सहायकाच्या नजरेत अरुंद आणि नवख्याच्या नजरेत रुंद असावा, आणि मुलगा संघात आल्यावरच खरे काय ते उलगडावे. मुलाच्या प्रगतीचा वेग गेम तो दाखल होईपर्यंत झाकून ठेवतो, ही निर्मात्यांची योग्य निवड आहे. तेच तत्त्व पुढे न्यायला हवे.

दुसरी उणीव मला अधिक खटकते. मुलाने एकदा होकार दिला की त्याच्याबद्दलची चिंता संपते आणि त्याच्यावर खर्च होणारे तास दुसरीकडे वळवता येतात. प्रत्यक्षात तोंडी होकार कोणालाच बांधून ठेवत नाही. मुले विद्यापीठाशी लेखी करार करतात, त्या सह्यांचा पहिला कालावधी २०१७ पासून डिसेंबरमध्ये येऊ लागला, आणि तोवर प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मुलाच्या घरच्यांशी बोलतच राहतात. प्रशिक्षक सोडून गेला किंवा संघ हरत राहिला, तर मुले मन बदलतात. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले, तेव्हा तिथे आलेल्या आणि येऊ घातलेल्या खेळाडूंची केवढी पांगापांग झाली, हे या खेळाच्या चाहत्यांना ठाऊक आहे. होकार दिलेल्या मुलावरही आठवड्याला थोडे तास खर्च करावे लागले, तर हंगामाच्या शेवटी जो ताण असायला हवा तो येईल आणि लहान संघांना डिसेंबरमध्ये एखादा मोठा मासा गळाला लावण्याची संधीही मिळेल.

आणि पैसा. ज्या कमाईच्या मुभेमुळे मालिका परत येऊ शकली, तीच कमाई मुलाच्या निर्णयात कुठेही दिसत नाही. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. तासांच्या जोडीला मर्यादित रकमेचा हिशेब ठेवला, तर एका उत्तम चेंडूफेक्यासाठी तिजोरी रिकामी करावी की तेवढ्याच रकमेत बचावफळीचे चार खेळाडू घ्यावेत, हा खरा प्रशिक्षकाला पडणारा प्रश्न खेळणाऱ्यालाही सोडवावा लागेल.

नियम ठाऊक नसतील त्यांनी आधी दोन-चार खरे सामने पाहावेत. सामन्याच्या चित्रांपेक्षा माणसे जोखण्यात ज्यांना रस आहे, त्यांनी प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स-एसवर हा गेम जरूर घ्यावा. पाचपैकी चार तारे.