रोटरी इंजिनाला नायट्रस: वेट किट की ड्राय किट?

पुण्यात माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचे ट्रक आणि शाळेच्या बस आठवतात. माझदाची रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरवणारी, आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ आपल्याकडे शोरूममध्ये कधी आलीच नाही. ज्या मोजक्या गाड्या आहेत त्या कुणीतरी हौसेनं बाहेरून आणलेल्या. अशा गाडीचा मालक "नायट्रस (जादा ऑक्सिजन देऊन ताकद वाढवणारा नायट्रस ऑक्साइड गॅस) बसवायचंय, वेट घेऊ की ड्राय?" असं विचारतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतल्या हवेला किती दाबतं ते, शेवटचं कधी मोजलंत.

ते मोजायचंही नीट. रोटरला तीन बाजू असतात, आणि पिस्टन इंजिनाचा साधा गेज त्या तिघींतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो. एका बाजूचं सील मेलेलं असलं तरी काटा छान दिसतो. रोटरीचा वेगळा टेस्टर प्रत्येक बाजूचा आकडा वेगळा देतो. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनासाठी २५० आरपीएमला ६.९ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) ही खालची मर्यादा आहे, आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथला आकडा मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमीच येणार. तेवढी सूट धरा, त्यापेक्षा जास्त नको. आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर किटचे पैसे इंजिन बांधायला ठेवा. पुढचं वाचायचीही गरज नाही.

एवढी काळजी का, तेही सांगतो. रोटरच्या टोकावरचं अॅपेक्स सील म्हणजे धातूची एक पट्टी. १९८६ नंतरच्या माझदाच्या १३बी रोटरी इंजिनांत ती अवघी २ मिलीमीटर जाडीची आहे. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग (मिश्रणाचा भलत्या वेळी होणारा भडका) सोसून घेतं, ही पट्टी सोसत नाही. तुटली की तिचा तुकडा हाउसिंग ओरबाडत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि वाटेत टर्बो असेल तर त्याची पातीही घेऊन जातो. नायट्रस वजनानं ३६ टक्के ऑक्सिजन आहे, हवेत तो २३ टक्के असतो. म्हणजे आग जोराची आणि झटपट. पेट्रोल त्या प्रमाणात पडलं नाही, मिश्रण लीन झालं, की नॉकिंग आलंच.

म्हणून वेट आणि ड्राय यांतली निवड मी एकाच गोष्टीवरून करतो: गॅस आणि पेट्रोल यांचं प्रमाण बिघडलं, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

वेट किटमध्ये गॅस आणि जास्तीचं पेट्रोल एकाच नोझलमधून येतं. दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या झडपा), दोन जेट (ठरलेल्या मापाच्या भोकाच्या चकत्या). पेट्रोल बरोबरच येत असल्यानं गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, काही शिकवावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण जेटचं भोक ठरलेलं असतं. बाटलीतला दाब वाढला तर गॅस जास्त जाणार, पेट्रोल मात्र तेवढंच राहणार. दुसरी अडचण मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची. रोटरीचा लांब, वळणदार इनटेक कोरड्या हवेसाठी घडवलाय. नोझल फार मागे लावलं तर पेट्रोल भिंतींवर साचतं, एका रोटरला जास्त जातं, दुसऱ्याला कमी, आणि साचलेल्या पेट्रोलनं पेट घेतला तर बॅकफायर थेट मॅनिफोल्डमध्ये. वेट घ्यायचंच तर नोझल पोर्टच्या जवळ, प्रत्येक रोटरला स्वतंत्र. खर्च वाढतो, पण इथे काटकसर करू नका.

ड्राय किटमध्ये फक्त गॅस फवारला जातो, पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरनीच पुरवायचं. साचण्याचा प्रश्न मिटला. पण इंजेक्टर आणि पंप यांच्यात तेवढी ताकद शिल्लक आहे का, आणि ईसीयूला गॅस सुरू झाल्याचं कळतंय का? काही किट हवामापक सेन्सरच्या आधी गॅस सोडतात. सेन्सर गार पडतो, ईसीयूला वाटतं हवा वाढली, ती पेट्रोल वाढवते. रोटरीवर मी असल्या अंदाजावर भरवसा ठेवणार नाही. स्वतंत्र, प्रोग्रॅम करता येणारी ईसीयू असेल तर मात्र चित्र पालटतं. बाटलीच्या दाबाचा सेन्सर तिला जोडता येतो, आणि दाब चढला-उतरला की ती पेट्रोल आपोआप जुळवते. ठरलेल्या जेटची वेट किट स्वतः हे करू शकत नाही.

पुण्यात ही गोष्ट कागदावरची नाही. २० अंशांना नायट्रसच्या बाटलीत साधारण ५० बार दाब असतो, ३० अंशांना ६३ बार. बहुतेक किटचे जेट याच ६२ ते ६५ बारसाठी बेतलेले असतात. डिसेंबरच्या सकाळी १० अंश असताना दाब ४० बारवर येतो. गाडी रिच धावते, म्हणजे पेट्रोल प्रमाणापेक्षा जास्त पडतं, ताकद कमी मिळते, नुकसान होत नाही. धोका एप्रिलचा. ३६.४ अंशांच्या वर बाटलीत द्रव उरतच नाही, आणि त्यापुढे दाब बाटली किती भरलीय यावर अवलंबून झपाट्यानं चढतो. दुपारी चाळीसच्या घरात पारा, गाडी उन्हात, डिकी बंद. आमच्या ओळखीच्या एका आरएक्स-८ चं पुढच्या रोटरचं सील असंच गेलं. किट वेट होती, जेट बरोबर होते, आदल्या संध्याकाळी ट्यूनिंगही छान झालं होतं. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी गेजकडे पाहिलं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना हात जोडून सांगतो की पुण्यात बॉटल हीटरपेक्षा ओलं गोणपाट आणि सावली महत्त्वाची. दाब ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला की सोलेनॉइड उघडूच न देणारा प्रेशर स्विचही लावा. बाटलीच्या सेफ्टी डिस्कची (दाब फार वाढला की फुटून गॅस सोडणारी चकती) नळी डिकीच्या बाहेर काढायची. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत माणूस गुदमरतो.

पेट्रोलचंही तसंच. आता बहुतेक पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि त्याला साध्या पेट्रोलपेक्षा साधारण सहा ते आठ टक्के जास्त इंधन लागतं. वेट किटसोबत आलेला पेट्रोलचा जेट साध्या पेट्रोलचा हिशेब करून दिलेला असेल, तर तुमची गाडी पहिल्या दिवसापासून तेवढी लीन. एकतर जेट बदला, नाहीतर १०० ऑक्टेनचं इथेनॉलविरहित पेट्रोल वापरा आणि त्याच पेट्रोलवर ट्यून करा.

तर निवड अशी. कारखान्यातल्या ईसीयूवरची आरएक्स-८ असेल तर वेट, ५० अश्वशक्तीच्या वर नाही. रेनेसिसचं कॉम्प्रेशन १०:१ आहे, तिथे चूक पोटात घालायला जागा थोडी. स्वतंत्र ईसीयू आणि मोठे इंजेक्टर बसवलेली आरएक्स-७ असेल तर ड्राय, दाबाच्या सेन्सरसह. कार्ब्युरेटरवरच्या जुन्या १२ए रोटरी इंजिनाची गाडी असेल तर प्रश्नच नाही, वेट. कारखान्याच्या ईसीयूवर ड्राय किट, ही जोडी मी कुणालाही बसवून देणार नाही.

दोन्हींत सारखं असलेलं थोडक्यात. गॅस फक्त पूर्ण थ्रॉटलला, साधारण ४,५०० आरपीएमच्या वर. आणि रेव्ह लिमिटरच्या (इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेवर अडवणारी सोय) बऱ्याच आधी बंद, कारण लिमिटर पेट्रोल तोडतो, गॅस तोडत नाही. प्लग एक पायरी थंड. ठिणगीचं टायमिंग मागे, ट्रेलिंग प्लगचं (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांपैकी नंतर पेटणारा) जास्तच मागे. टाकीत टू-स्ट्रोक ऑइल. पेट्रोलचा दाब पडला की गॅस बंद करणारा स्विच. जोडांना टेफ्लॉन टेप नको, पेस्ट लावा. टेपचे धागे सुटून सोलेनॉइडमध्ये अडकतात.

कायद्याचं ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीत असा बदल चालत नाही, आणि कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ताम्हिणी किंवा लवासाचा घाट ही याची जागा नव्हेच, तिथे समोरून कुणाची तरी मुलंबाळं येत असतात. गाडी ट्रेलरवर टाकून बंद धावपट्टीवर न्या. बाटली २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत येते. बाहेरून आलेली बाटली मंजुरीशिवाय इथे भरता येत नाही, आणि रुग्णालयाच्या सिलिंडरमधून कुणी "ओतून देतो" म्हणालं तर तिथून उठून या.

पहिल्या दिवशी एकच धाव. चौथ्या गिअरला तीन सेकंद गॅस, मग क्लच दाबून इंजिन बंद आणि चारही प्लग बाहेर. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळे-चंदेरी ठिपके, म्हणजे नॉकिंगची खूण, दिसले तर त्या दिवशी बाटलीचा नॉब पुन्हा उघडू नका.