जुन्या 4×4 पिकअपवर 31 इंची टायर: वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. जुना फोर बाय फोर पिकअप असेल आणि त्यावर 235/75 आर15 टायर असतील तर 31×10.50 आर15 (31 इंच उंच, 10.50 इंच रुंद, 15 इंची रिमचा) ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांसाठीचा टायर, ही साइज मनापासून सांगतो, घ्या. 33 इंचीचा विचार असेल तर थांबा, तिथे नुसत्या टायरचा खर्च धरून भागत नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. ब्रँड मुद्दाम सांगत नाहीये कारण यातलं नव्वद टक्के साइजवरच ठरतं.

माझी गाडी अगदी जुन्या पद्धतीची, पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची दांडी), मागे पाटे, हाताने फिरवायचे लॉकिंग हब (पुढची चाकं फोर व्हीलला जोडायची कळ), मागे ड्रम ब्रेक, 4.10 चा क्राउन पिनियन (शाफ्टचे 4.10 फेरे झाले की चाकाचा एक फेरा). अशा गाडीत कॉम्प्युटर वगैरे काही नाही त्यामुळे टायर बदलला की जे होतं ते थेट हाताला आणि पायाला कळतं.

फायदा काय ते आधी. 235/75 आर15 ची उंची साधारण 734 मिमी आणि 31 इंची म्हणजे कागदावर 787 मिमी (प्रत्यक्षात मोजलं तर बरेच टायर अर्धा इंच कमी भरतात). बऱ्याच जणांना वाटतं टायर दोन इंच मोठा म्हणजे गाडी दोन इंच वर, तसं नाही, अ‍ॅक्सल निम्माच वर जातो, म्हणजे सव्वीस-सत्तावीस मिमी. ऐकायला कमी वाटेल पण हाच इंच सगळ्यात मोलाचा आहे कारण लिफ्ट किट (गाडी वर उचलायचं सामान) कितीही लावा, मागच्या डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याचं) पोट जमिनीपासून जेवढं आहे तेवढंच राहतं, ते फक्त टायर वर उचलतो. दगडधोंड्याच्या वाटेवर मधल्या उंचवट्याला जे डिफरन्शियल घासायचं ते आता बहुतेक वेळा सुटतं. शिवाय साइडवॉल (टायरची बाजू) उंच झाल्यामुळे हवा कमी करून चालवायला जीव मिळतो, वाळूत किंवा खडबडीत वाटेवर 18-20 पीएसआयला टायर मस्त पसरतो आणि गाडी आदळत नाही. साध्या रिमवर 15 च्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि डांबरी रस्ता लागला की पहिलं काम हवा भरणं.

आता घासण्याचं. सरळ उभ्या गाडीत सगळं बसतंच, खरी परीक्षा फुल लॉक मारून एक चाक वर दाबलं जातं तेव्हा असते. टायर विकत घेण्याआधी कोणाचा तरी त्याच साइजचा एक टायर उसना घेऊन पुढच्या चाकाला लावा, त्या चाकाला उंचवट्यावर चढवा, मागचं तिरप्या समोरच्या कोपऱ्यातलं चाकही चढवा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे लागतंय ते बॅटरी मारून बघा, मडगार्डच्या आतलं प्लास्टिक, बंपरचा मागचा कोपरा आणि बॉडी माउंट या नेहमीच्या जागा. माझ्याकडे प्लास्टिक थोडं कापून आणि बंपरचा कोपरा आत घेऊन काम भागलं, लिफ्ट लागलीच नाही. पण रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) फार बाहेरचा घेतलात तर हेच गणित बिघडतं, टायर वळताना मोठा फेर घेतो, जिथे लागायचं नाही तिथे लागतो आणि बेअरिंग, बॉल जॉइंटवरचा भार वाढतो तो वेगळाच. या टायरला 7 ते 9 इंच रुंदीची रिम चालते, उगाच बाहेर निघालेल्या रिमच्या मागे लागू नका. टॉर्शन बार आवळून पुढचा भाग वर घेणं सगळे सुचवतात, थोडं ठीक आहे पण जास्त आवळलं की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, सस्पेन्शन दणके देतं आणि सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो.

स्पीडोमीटर साधारण 7 टक्के कमी दाखवतो, काटा 60 वर असेल तर गाडी 64 ला चाललेली असते. ओडोमीटरचंही तेच. म्हणून ‘अ‍ॅव्हरेज एकदम पडलं’ असं म्हणण्याआधी किलोमीटरमध्ये हे 7 टक्के मिळवा, अ‍ॅव्हरेज पडतंच पण दिसतं तेवढं नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते ब्रेकबद्दल आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. टायरचा घेर वाढला की तेवढ्याच पायाच्या दाबाला रस्त्यावर पोचणारी ब्रेकची ताकद कमी होते, 31 ला जवळपास 7 टक्के, 33 ला 12. त्यात टायर जड, म्हणजे फिरतं वजनही जास्त. तर टायर लावायच्या आधी ब्रेक पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, होज पाइप सगळं बघून घ्या, जुन्या गाडीत यात काही ना काही निघतंच. आणि पाट्यांखाली ब्लॉक टाकून मागून गाडी उचलणार असाल तर हे नक्की वाचा: बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्वला गेलेली असते, ती गाडीत लोड किती आहे ते ओळखून मागचा ब्रेक कमीजास्त करते. गाडी वर उचलली की व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ती दांडी नव्या उंचीला सेट करायलाच हवी, गॅरेजवाल्याला स्वतःहून आठवण करा.

33×12.50 का नाही? हिशोब करा, 4.10 चा रेशो त्या टायरवर 3.59 सारखा वागायला लागतो. पाचवा गिअर सपाट रस्त्यावरही ओढत नाही, चढावर क्लच जास्त वापरावा लागतो, आणि लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) उतरताना इंजिनचा जो ब्रेक मिळतो तोसुद्धा पातळ होतो, ज्यासाठी लो रेंज असते तेच गेलं. ते परत मिळवायचं तर क्राउन पिनियन 4.56 किंवा 4.88 चा, तोही पुढे-मागे दोन्हीकडे सारखाच, नाहीतर फोर व्हीलला टाकल्याबरोबर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्ट एकमेकांशी भांडतात. वर लिफ्ट, कटिंग, जास्त ब्रेक. ज्यांना खरंच अवघड वाटांवर जायचंय त्यांनी हे सगळं करावं, गाडी जबरदस्त होते, पण अर्धवट करू नये. 31 वर 4.10 चा अंदाजे 3.82 होतो, तो फरक जाणवतो, पण चौथ्या गिअरवर सवय होते.

ऑल टेरेनचा आवाज आहे, पण खिडकी बंद असेल तर बोलणं होतं. ओल्या डांबरावर मात्र आधीच्या साध्या रस्त्याच्या टायरपेक्षा जपून.

टायर पाचच घ्या, चार नाही. मध्ये डिफरन्शियल नसलेल्या फोर व्हीलमध्ये एक चाक लहान-मोठं चालत नाही, आणि गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत 31 बसतो का तेही आधी मोजा. दाराच्या स्टिकरवरची हवा जुन्या साइजची आहे, नव्यासाठी टायरवर खडूची आडवी रेघ मारून सपाट रस्त्यावर सरळ थोडं चालवा, मधली पुसली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी. शंभरेक किलोमीटरनंतर नट परत टॉर्कने आवळा. घेताना साइडवॉलवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, दुकानात पडून जुना झालेला टायर सवलतीत मिळत असला तरी घेऊ नका.